साखर मुलाची, प्रशिक्षण मोठ्यांचं

मधुमेह असलेल्या मुलाच्या मीटरवर रक्तातली साखर २८०, म्हणजे बरीच जास्त, दिसली की बहुतेक घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काय खाल्लंस?" विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण समोरच्या नऊ वर्षांच्या मुलाला तो आरोप वाटतो. बऱ्याचदा त्याने काही खाल्लेलंही नसतं. ताप येऊ घातला तरी साखर चढते. एकाच जागी वारंवार सुई टोचून तिथली त्वचा जाड झाली, की इन्सुलिन अंगात नीट उतरत नाही. वाढीच्या वयातले हार्मोन इन्सुलिनचा जोर कमी करतात. झोप बिघडलेली असते, परीक्षा तोंडावर असते, जेवणातल्या कर्बोदकांचा अंदाज चुकलेला असतो. एवढ्या कारणांतून मोठी माणसं नेमकं तेच उचलतात, ज्यात दोष मुलाकडे जातो.

रोज दोन-तीन वेळा असं झालं की मूल दोनपैकी एक गोष्ट शिकतं. एक तर साखर तपासायचीच नाही, नाहीतर वहीत १४० असा खोटा आकडा लिहायचा. पुढे डॉक्टर त्याच वहीवरून डोस ठरवतात आणि साखर आणखी बिघडते. मग "मुलगा खोटं बोलतो" म्हणून त्याला समुपदेशकाकडे न्यायची भाषा सुरू होते. तिथे जाण्यात वाईट काही नाही, पण मूळ प्रश्न घरातच तयार झालेला असतो.

मधुमेह असलेल्या मुलांच्या भावनिक आरोग्याबद्दल बोलताना आपलं सगळं लक्ष मुलावर असतं: त्याला धीर कसा द्यायचा, तयार कसं करायचं. सार्वजनिक आरोग्याच्या अंगाने पाहिलं तर शिकायची जास्त गरज त्याच्या भोवतीच्यांना आहे. आईवडील, आजीआजोबा, शिक्षक, खेळाचे प्रशिक्षक, परिचारिका, आहारतज्ज्ञ, आणि हो, डॉक्टरही. या सगळ्यांना काय करायचं, काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही हे ठरवून, पद्धतशीर शिकवणं म्हणजे इथे प्रशिक्षण. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात ते कितपत जमतं, याचा पुरावा मात्र बराच गुंतागुंतीचा आहे.

आधी आजाराबद्दल थोडं

मुलांमध्ये प्रामुख्याने आढळतो तो टाइप १ मधुमेह. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. गोड जास्त खाल्ल्याने तो होत नाही आणि आईवडिलांच्या चुकीनेही होत नाही. हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्या दहा मिनिटांत आलंच पाहिजे, कारण बहुतेक पालक मनातून स्वतःलाच दोष देत असतात आणि तो दोष पुढे चिडचिड होऊन मुलावर निघतो.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी अशा मुलांना जवळपास उपाशी ठेवून काही महिन्यांचं आयुष्य वाढवणं, एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं. इन्सुलिन आलं आणि हा आजार जीवघेणा राहिला नाही, पण जन्मभराचं काम होऊन बसला. तपासा, मोजा, टोचा, खा, पुन्हा तपासा. या कामाला सुट्टी नाही.

दर तीन महिन्यांनी अर्धा तास तपासणी धरली, तर वर्षात डॉक्टर त्या मुलाबरोबर असतात दोन तास. वर्षाचे एकूण तास ८,७६०. बाकीचे सगळे तास मूल घरी, वर्गात, मैदानावर, मित्रांत किंवा झोपेत घालवतं. त्या तासांत त्याच्याजवळ असलेल्यांना काय येतं, यावर त्याची साखरही ठरते आणि मनःस्थितीही.

आकड्यांचा आग्रह कुठून आला तेही सांगायला हवं, कारण तो वेडेपणा नाही. अमेरिका आणि कॅनडामध्ये १९८३ ते १९९३ या काळात १,४४१ रुग्णांवर डीसीसीटी नावाचा मोठा अभ्यास झाला. साखर काटेकोर सांभाळली तर डोळ्यांच्या पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो, हे त्यात दिसलं. त्यानंतर जगभर काटेकोर नियंत्रण हाच नियम झाला. मात्र त्याच अभ्यासात काटेकोर उपचार घेणाऱ्यांमध्ये साखर धोकादायकरीत्या कमी होण्याचं प्रमाण सुमारे तिपटीने वाढलं होतं. म्हणजे साखर चढली तर भविष्याची भीती आणि उतरली तर आत्ताची. आजच्या औषधांनी आणि अंगावर चिकटवायच्या सेन्सरांनी हा ताण कमी केला आहे, पण संपवलेला नाही. सेन्सरमुळे तर आता आईला कामाच्या ठिकाणी बसूनही मुलाचा आकडा दर पाच मिनिटांनी दिसतो. हे वरदान आहे की नवी कटकट, ते त्या आईवर आणि तिला कोणी काय शिकवलं आहे यावर अवलंबून.

मनावर नेमकं काय होतं

तीन-चार वर्षांच्या मुलाला सुई हा उपचार आहे हे कळत नाही. त्याला ती शिक्षा वाटते, तीही ज्यांच्यावर सर्वांत जास्त विश्वास आहे त्यांच्या हातून. शाळेत जाऊ लागल्यावर प्रश्न वेगळेपणाचा होतो: सगळे खेळताना मीच का थांबायचं, सगळ्यांदेखत पोट उघडं करून का टोचायचं. किशोरवयात दोन्हींवर कंटाळ्याचा थर चढतो. सात-आठ वर्षं एकच काम करून झाल्यावर चौदाव्या वर्षी एखादी मुलगी म्हणते, "मला आता नाही करायचं." याला आळस म्हणणं मला क्रूरपणाचं वाटतं.

मधुमेहाच्या रोजच्या ओझ्याने येणाऱ्या या थकव्याला, भीतीला आणि चिडीला तज्ज्ञ 'मधुमेहाचा मानसिक ताण' म्हणतात. नैराश्य ही वेगळी गोष्ट. नैराश्यात आयुष्यातल्या सगळ्याच गोष्टींवरचा रस उडतो. या ताणात मूल मित्रांत हसतं-खेळतं, सिनेमाला जातं, पण मीटर समोर आला की तोंड फिरवतं. म्हणूनच तो सहज नजरेतून सुटतो. टाइप १ मधुमेह असलेल्या किशोरवयीन मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये हा ताण लक्षणीय प्रमाणात आढळतो. नैराश्य आणि हा ताण एकाच मुलात असू शकतात, पण उपाय वेगळे आहेत. ताण असलेल्या मुलाला बरेचदा गोळीची गरज नसते, ओझं वाटून घेणारं कोणीतरी हवं असतं.

हा ताण मोजता येतो. १९९५ मध्ये पेड नावाची २० प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. मूळची ती प्रौढांसाठी होती, पुढे तिच्या किशोरवयीन मुलांसाठीच्या आणि पालकांसाठीच्या आवृत्त्या आल्या. ती भरायला काही मिनिटं पुरतात. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या शिफारशींनुसार साधारण सात-आठ वर्षांच्या वयापासूनच मुलांना या ताणाबद्दल विचारायला सुरुवात करावी. आपल्यापैकी अनेकांना हे वय फार लहान वाटेल. पण सात वर्षांचं मूल स्वतःची साखर वाचू शकतं, तर "या आठवड्यात सगळ्यात कंटाळवाणं काय वाटलं?" या प्रश्नाचं उत्तरही देऊ शकतं.

मन आणि साखर यांचं नातं दोन्ही बाजूंनी चालतं. ताणात शरीर ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं, त्याने साखर चढते. मन खचलं की डोस चुकतो, त्यानेही चढते. उलट बाजूने, साखर ७० च्या खाली गेली की मूल चिडचिडं, रडवेलं किंवा हट्टी होतं, कारण मेंदूला इंधन कमी पडतं. ज्या शिक्षकाला हे माहीत नाही तो त्याला 'उद्धट' म्हणून वर्गाबाहेर उभं करतो. म्हणजे आजाराच्या एका लक्षणाला शिस्तीची शिक्षा होते.

आणखी एक गोष्ट दबक्या आवाजात बोलली जाते, ती उघड बोलायला हवी. काही किशोरवयीन मुली, आणि मुलंही, वजनाच्या चिंतेपोटी इन्सुलिन मुद्दाम टाळतात. हा खाण्याच्या विकाराचाच एक प्रकार असून तो जिवावर बेतू शकतो. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, कारण नसताना वाढत जाणं, पुन्हा पुन्हा किटोॲसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचणं) होऊन रुग्णालयात यावं लागणं, वजन करायला नकार देणं, या खुणा परिचारिकेला ओळखता आल्या पाहिजेत. दहा ते बारा वर्षांच्या वयापासून याबद्दल चाचपणी सुरू करावी, असंही तज्ज्ञ सांगतात. चाचपणी म्हणजे उलटतपासणी नव्हे. वजनाबद्दल टोमणा मारणारा एखादा कर्मचारीही इथे नुकसान करून जातो.

प्रशिक्षणाने खरंच फरक पडतो?

पडतो. याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण इटलीतल्या पार्मा शहराचं आहे. तिथे १९९१ मध्ये शाळांमध्ये आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत साधी भित्तिपत्रकं लावली गेली. मजकूर थोडका होता: मूल फार पाणी पितं, फार लघवी करतं, कोरडं झोपायला लागलेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करतं, तर मधुमेहाची शंका घ्या. शिक्षकांना आणि डॉक्टरांना माहिती दिली, दवाखान्यांना लघवी-रक्तातली साखर जागच्या जागी तपासायची साधनं दिली. मोहिमेआधी तिथे नव्याने निदान होणाऱ्या मुलांपैकी ७८ टक्के मुलं किटोॲसिडोसिसच्या अवस्थेत, म्हणजे रक्तात आम्ल साचून जीव धोक्यात आल्यावर, रुग्णालयात पोचत होती. मोहिमेच्या काळात ते प्रमाण १२.५ टक्क्यांवर आलं.

हे शरीराचं झालं, मनाशी त्याचा काय संबंध, असं कोणी विचारेल. अंथरूण ओलं केलं म्हणून महिनाभर बोलणी खाल्लेलं आणि मग अतिदक्षता विभागात नळ्यांमध्ये जाग आलेलं मूल, आणि वेळेत ओळखलं गेल्यामुळे चालत दवाखान्यात आलेलं मूल, या दोघांची आजाराशी पहिली ओळखच वेगळी होते. पहिल्या मुलाच्या आईवडिलांना 'आपण त्याला रागावलो' ही टोचणी पुढे कितीतरी वर्षं पुरते.

दुसरं उदाहरण त्याहून सूक्ष्म आहे. ह्विडोरे नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने १९ देशांतल्या २१ बालमधुमेह केंद्रांची तुलना केली. काही केंद्रांतल्या मुलांची सरासरी साखर वर्षानुवर्षं चांगली आणि काहींची वाईट, असं का, हा प्रश्न होता. दिवसाला किती इंजेक्शनं, कोणतं इन्सुलिन, याने हा फरक पुरेसा उलगडेना. उलगडा झाला तो एका अनपेक्षित ठिकाणी. ज्या केंद्रात डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ सगळे एकच स्पष्ट लक्ष्य सांगत होते आणि मुलांना-पालकांनाही तेच लक्ष्य तोंडपाठ होतं, तिथले आकडे चांगले होते. जिथे प्रत्येक जण वेगळं सांगत होता तिथे मुलं गोंधळली होती.

आता हे मनाच्या बाजूने वाचून पाहा. डॉक्टर म्हणतात, "अधूनमधून जास्त आली तर चालतं," वडील म्हणतात, "१५० च्या वर गेलीच कशी?" आणि आजी म्हणते, "राहू दे बिचारं, एक दिवस खाल्लं तर काय होतंय." यात मुलाने कोणाचं ऐकायचं? काहीही केलं तरी कोणीतरी नाराज होणारच. म्हणून एका घरातल्या, एका दवाखान्यातल्या आणि एका शाळेतल्या लोकांना एकच गोष्ट एकाच सुरात शिकवणं, हे प्रशिक्षणाचं मोठं काम आहे. वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे वक्ते बोलावून ते होत नाही.

आणि आता नकोशी वाटणारी बाजू. ब्रिटनमध्ये डेपिक्टेड नावाच्या चाचणीत २६ बालमधुमेह सेवांमधल्या काही चमूंना मुलांशी संवाद कसा साधावा याचं प्रशिक्षण दिलं गेलं. कल्पना उत्तम होती, अभ्यासक्रमही विचारपूर्वक बांधलेला. चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. एका वर्षानंतर मुलांच्या एचबीए१सीमध्ये काही सुधारणा झालेली नव्हती. असे निकाल फारसे सांगितले जात नाहीत, आणि मला वाटतं इथेच प्रशिक्षण आखणाऱ्यांनी सगळ्यात जास्त थांबायला हवं. डॉक्टरची भाषा वर्षातल्या दोन तासांत बदलली. उरलेल्या ८,७५८ तासांत मुलाला कोण काय म्हणत होतं, तिथे कोणी पोचलंच नव्हतं. हा माझा अर्थ, चाचणीचा निष्कर्ष नव्हे. पण बाकीचे पुरावे त्याच दिशेने बोट दाखवतात.

उदाहरणार्थ, घर आणि मूल दोघांना सामील करणारे प्रयोग जास्त आशादायक ठरले आहेत. बार्बरा अँडरसन आणि जेम्स कॉईन यांनी १९९१ मध्ये मांडलेली एक कल्पना पालकांच्या प्रत्येक वर्गात सांगावी अशी आहे. मदत करायला गेलेला पालक आणि मदत नको असलेलं मूल यांच्यात हळूहळू कुस्ती सुरू होते. पालक जितकं विचारतो तितकं मूल टाळतं, मूल टाळतं म्हणून पालक आणखी विचारतो. हेतू चांगला, परिणाम उलटा. अँडरसन यांच्या चमूने पुढे नेहमीच्याच तपासणीच्या वेळी थोडा वेळ काढून पालक आणि मूल दोघांना कामाची वाटणी ठरवायला शिकवलं: सकाळचं कोण बघणार, संध्याकाळचं कोण, आणि आकडा जास्त आला तर ओरडायचं नाही हा करार. अशा घरांत मधुमेहावरून होणारी भांडणं कमी झाली.

येल विद्यापीठात मार्गारेट ग्रे यांनी किशोरवयीन मुलांच्या छोट्या गटांना थेट सराव दिला. मित्र आग्रह करत असताना नाही कसं म्हणायचं, पालकांशी न भांडता आपलं म्हणणं कसं मांडायचं, मनात येणारे "मी अपयशी आहे" असे विचार कसे ओळखायचे. वर्षभरानंतर या मुलांची साखरही बरी होती आणि जगण्याचा दर्जाही. मुलांनी एकत्र येण्याचा फायदा तसा जुनाच आहे. मधुमेह असलेल्या मुलांचं पहिलं शिबिर अमेरिकेत १९२५ मध्ये, म्हणजे इन्सुलिन येऊन तीनच वर्षं झाली असताना भरलं होतं. जिथे सगळेच टोचतात तिथे टोचणं ही बातमी उरत नाही.

मग वर्गात शिकवायचं काय

शिक्षकांच्या प्रशिक्षणात घोडचूक होते ती भीतीची. बेशुद्ध मुलाची चित्रफीत दाखवली की शिक्षक सावध होण्याऐवजी घाबरतात, आणि घाबरलेली शाळा मुलाला सहलीला नेत नाही, शर्यतीत उतरवत नाही. कारण विचारलं तर म्हणते, त्याच्याच काळजीपोटी. शिक्षकाला खरं तर थोडंच यायला हवं. साखर ७० च्या खाली असेल तर साधारण १५ ग्रॅम लगेच विरघळणारी साखर द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. मूल गिळू शकत नसेल किंवा बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, शाळेत ग्लुकागॉन, म्हणजे साखर झटकन चढवणारं औषध, ठेवलेलं असेल तर ते द्यायचं आणि मदत बोलवायची. साखर उतरलेल्या मुलाला आजाऱ्यांच्या खोलीकडे एकटं पाठवायचं नाही. आकडा सुधारला तरी डोकं ताळ्यावर यायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो, तेवढ्यात गणिताची परीक्षा घ्यायची नाही. आणि मुलालाच विचारायचं: वर्गात सगळ्यांसमोर टोचलेलं चालेल, की बाजूला जागा हवी? उत्तर काहीही असो, ती जागा स्वच्छतागृह नसावी.

२०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने शाळांसाठी किड्स नावाचा प्रकल्प सुरू केला. त्याच्या साहित्यात शिक्षकांबरोबर वर्गातल्या इतर मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठीही भाग आहेत. हा शहाणपणा मला महत्त्वाचा वाटतो. चिडवणारी मुलं प्रशिक्षणाबाहेर राहिली तर शिक्षकाला कितीही शिकवा, मधल्या सुट्टीत तो तिथे नसतो.

आरोग्य कर्मचाऱ्यांना भाषणाने काही येत नाही, सरावाने येतं. एकाने मूल व्हायचं, एकाने परिचारिका, आणि "आकडा २८०" या प्रसंगात पहिलं वाक्य काय बोलायचं हे पुन्हा पुन्हा करून बघायचं. "बरं झालं तपासलंस. आता काय करूया?" हे वाक्य कागदावर सोपं दिसतं. थकलेल्या माणसाच्या तोंडी ते आपोआप येण्यासाठी पन्नास वेळा म्हणावं लागतं. साखर 'चांगली' किंवा 'वाईट' नसते, ती जास्त, कमी किंवा ठरलेल्या पट्ट्यात असते. वाईट साखर म्हणता म्हणता मूल वाईट ठरतं. हाही सरावाचाच भाग. आणि सहा-आठ आठवड्यांनी कोणीतरी येऊन प्रत्यक्ष तपासणीत बसून पाहिलं नाही, तर सगळे जुन्या वळणावर जातात.

दोन प्रश्न विचारायला मात्र लोक कचरतात आणि ते शिकवावेच लागतात. एक, "जगावंसं वाटत नाही असं कधी मनात येतं का?" थेट विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात पेरला जातो ही समजूत चुकीची आहे. ज्याच्या मनात तो आधीच आहे त्याला विचारल्याने बोलायला वाट मिळते. इन्सुलिन हाताशी असलेल्या मुलाबाबत हा प्रश्न टाळणं परवडत नाही. उत्तर "हो" आलं तर मुलाला एकटं सोडायचं नाही, इन्सुलिन मोठ्यांच्या ताब्यात घ्यायचं आणि त्याच दिवशी तज्ज्ञाकडे न्यायचं. दुसरा प्रश्न पालकांना: "आणि तुम्ही झोपता का?" रात्री दोनदा उठून साखर तपासणाऱ्या आईचं मन कोणत्याच केसपेपरवर नोंदलं जात नाही.

मानसोपचारतज्ज्ञ सगळीकडे नसतात, हा आक्षेप खरा आहे. याच कारणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये एमएचगॅप हा कार्यक्रम सुरू केला: तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना मानसिक आजार ओळखायला, प्राथमिक मदत करायला आणि कधी पुढे पाठवायचं हे ठरवायला शिकवणं. मधुमेहाच्या तपासणीला जोडून हेच करता येतं. फक्त पुढे पाठवायचं ते कुठे, कोणाकडे, कोणत्या वारी, हे प्रशिक्षण सुरू होण्याआधी ठरलेलं हवं. ताण शोधायचा आणि मग हात वर करायचे, हे न शोधण्यापेक्षा वाईट.

राहता राहिला प्रशिक्षण यशस्वी झालं की नाही हे कसं ठरवायचं, हा मुद्दा. बहुतेक ठिकाणी शेवटी एक फॉर्म भरून घेतात: वक्ते कसे वाटले, माहिती उपयुक्त होती का. तो फॉर्म फाडून टाकला तरी काही बिघडणार नाही. सहा महिन्यांनी मुलांना चार गोष्टी विचाराव्यात. शाळेत इन्सुलिन कुठे घेतोस? मागच्या सहलीला गेला होतास का? वहीत कधी खोटा आकडा लिहावासा वाटला का? आणि काल साखर जास्त आली तेव्हा घरात पहिलं वाक्य कोण काय बोललं?